‘दहा मिनिटांत वेबसाइट’: खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते

‘कोडिंग नको, दहा मिनिटांत दुकानाची वेबसाइट, मोबाइल चालवता येतो त्याला जमतंच, मराठीतही होते, तीही फुकट.’ जळगाव-धुळ्याकडच्या व्यापारी ग्रुपांवर हा मजकूर सारखा फिरतो. त्यातलं ‘कोडिंग नको’ तेवढं खरं.

‘दहा मिनिटांत.’ तेवढ्यात मिळतो तो तयार साचा (टेम्प्लेट), परक्या दुकानाच्या फोटोंसकट. स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, जोडायचं तर ए रेकॉर्ड आणि सीनेम, म्हणजे तो पत्ता कुठे न्यायचा हे सांगणाऱ्या नोंदी, भरावे लागतात, आणि तो बदल सगळीकडे पोचायला ४८ तासही लागू शकतात. मधल्या वेळात साइट कधी उघडते, कधी नाही. माणूस घाबरून नोंदी पुन्हा बदलतो आणि गुंता वाढवतो.

‘मोबाइल चालवता येतो त्याला जमतंच.’ इथेच सर्वांत मोठी फसगत आहे. रावेरच्या केळी व्यापाऱ्याला पान एकदाच बनवायचं असतं, क्विंटलचा भाव मात्र रोज बदलायचा असतो. फोनवर भावाच्या आकड्यावर बोट ठेवलं की आधी चौकट निवडली जाते. बोट जरा सरकलं की चौकटच जागची हलते. कीबोर्ड वर आला की अर्धं पान झाकलं जातं. एवढं करून ‘सेव्ह’ दाबलं, पण ‘पब्लिश’ राहिलं, तर मालकाला नवा भाव दिसतो आणि गिऱ्हाइकाला कालचाच.

म्हणून वेबसाइट बनवायचं साधन घेण्याआधी त्याची परीक्षा घ्या. साइट रोज सांभाळणार असे पाच जण बसवा, त्यांचाच फोन हातात द्या. कामं तीन: भाव बदला, फोटो बदला, चुकून पुसलेली ओळ परत आणा. तुम्ही बोट दाखवायचं नाही. कोण कुठे अडलं, किती वेळ लागला, ते लिहा. मग जॉन ब्रुक यांनी १९८६ साली बनवलेली दहा विधानांची प्रश्नावली, म्हणजे साधन वापरायला किती सोपं ते मोजणारी सिस्टिम युझेबिलिटी स्केल, भरून घ्या. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण: १ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं. विषम विधानांच्या गुणांतून १ वजा करा, सम विधानांचे गुण ५ मधून वजा करा, बेरजेला २.५ने गुणा. शंभरपैकी साधारण ६८ ही सरासरी धरतात. त्याच्या बरंच खाली असेल, तर साचा कितीही देखणा असो, ते साधन सोडा.

‘मराठीतही होते.’ होते, पण तपासून. डीटीपीवाल्याकडचा श्रीलिपीतला, म्हणजे छपाईसाठीच्या जुन्या फॉन्टमधला, मजकूर तसाच चिकटवला तर अगम्य चिन्हं उमटतात. आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या. साच्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ओळींमधलं कमी असेल तर रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीला घासतात. पाहायचं असेल तर शीर्षकात ‘दर्जेदार केळी’ लिहून बघा, लगेच कळतं.

‘फुकट.’ फुकटच्या पत्त्यात बहुधा कंपनीचं नाव असतं, आणि दुकान कंपनीच्या मर्जीवर. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीवरून, बनवलेल्या वेबसाइटी गूगलने मार्च २०२४मध्ये बंद केल्या. विक्स या वेबसाइट बनवायच्या सेवेवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या कंपनीच्या होस्टिंगवर, म्हणजे साइट ठेवायच्या जागेवर, नेता येत नाही. त्यामुळे मूळ फोटो, भावपत्रक आणि मजकूर आपल्याकडे वेगळे साठवा, आणि डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नव्हे.