‘घरबसल्या पगार, मग रॅम्प कशाला?’

बेळगाव-खानापूर-निपाणीच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वर्क फ्रॉम होममुळे दिव्यांगांचा प्रश्न सुटला. प्रवास नाही, खर्च नाही, बसल्या जागी पगार. आता ऑफिसांनी रॅम्प-लिफ्टवर पैसे कशाला घालायचे?’ मी व्हीलचेअर वापरतो आणि घरूनच हिशेबाची कामं करतो, म्हणून उत्तर देतोय.

प्रवास वाचतो, हे खरंच. बसमध्ये दोघांनी उचलून चढवायचं, ही हौस कुणालाच नसते.

‘खर्च नाही’ हे मात्र साफ खोटं. वीज, इंटरनेट, टेबल सगळं आपल्या खिशातून. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर काय कंपनी देते? शिवाय शहापूर-वडगावातली जुनी घरं म्हणजे उंबरे, अरुंद दारं, संडास परसात. घरी आपोआप सोय असते असं ज्याला वाटतं, त्याचे पाय धड आहेत.

‘बसल्या जागी’ हा तर विनोदच. ‘तू घरातच असतोस की रे!’ म्हणत अख्ख्या गल्लीची पार्सलं माझ्याकडे उतरतात. क्लायंट फोनवर, दारात गॅसची टाकी.

आणि दिव्यांग म्हणजे फक्त व्हीलचेअर नव्हे. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत, थॅलेसेमिया, हिमोफिलियासुद्धा. कर्णबधिर माणसाला ऑनलाइन मीटिंगमध्ये बसवून बघा. आपल्याकडची मीटिंग कन्नडमध्ये सुरू होते, मराठीत भांडते आणि आकडे इंग्रजीत सांगते. सबटायटलला एकच भाषा लावलेली, त्यामुळे बाकीचा सगळा काला. अंध माणसाला कुणी कागदाचा फोटो काढून पाठवला, की स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर बहुतेकदा मुका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली फाईल असेल तर तो भलतंच काही बरळतो. यातलं काहीच घरी बसल्यानं सुटत नाही.

राहिला रॅम्प. एखाद्याला घरून काम देणं ही त्याच्यापुरती केलेली वाजवी सोय असू शकते, पण त्यानं इमारतीची जबाबदारी टळत नाही. सार्वजनिक वापराच्या जुन्या इमारती, सरकारी असोत की खासगी, दिव्यांगांसाठी सुगम करायला याच २०१६ च्या कायद्यानं नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम निघाले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. आणि रॅम्प काय फक्त नोकरी करणाऱ्यालाच लागतो? बँकेत सही करायला, दवाखान्यात, मतदानाला मी कुठल्या लॅपटॉपवरून जाऊ?