थांबायची जागा

गेल्या श्रावणात आमच्या इमारतीच्या ओल्या जिन्यावर पाय घसरला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. पुण्यात सरकारी नोकरीत मी बत्तीस वर्षे लघुलेखक म्हणून काम केले. इतरांचे बोलणे कागदावर उतरवण्यात ज्या हाताची हयात गेली, त्याला स्वतःच्या चार ओळी लिहिता येईनात, तेव्हा भाचीने फोनवरचे मराठी व्हॉइस टायपिंग सुरू करून दिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डिक्टेशन दिले. तोवर फक्त घेतले होते.

पहिलेच पत्र अवघड होते. सांगलीला राहणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणीचे यजमान अचानक गेले होते आणि मला प्रवास करणे शक्य नव्हते. फोन समोर धरून मी दहा मिनिटे बोलले आणि मग पडद्यावर उमटलेले वाचू लागले. दुःख खरे होते, शब्दही माझेच होते, पण पत्र माझे नव्हते. तेवढ्या मजकुरात 'म्हणजे' नऊ वेळा आला होता, प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला 'आणि'ने बांधलेले होते, आणि आमच्या पडत्या काळात त्या दोघांनी आम्हाला कसे सावरले हे जे मला खरोखर सांगायचे होते, ते मध्येच कुठेतरी अर्धवट येऊन वाहून गेले होते. ते पत्र मी पाठवले नाही. हे असे का झाले, याचा विचार मात्र पुढचे पाच आठवडे करत राहिले, आणि त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहावे असे वाटले.

कारण साधे होते. मी विचार करायला थांबले की थोड्याच वेळात फोनचा माइक बंद होत असे. दोन-तीनदा असे झाल्यावर मी नकळत तो चालू ठेवण्यासाठी बोलू लागले. 'म्हणजे', 'तर', 'आणि मग' हे शब्द अर्थासाठी येत नव्हते, शांतता बुजवण्यासाठी येत होते. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहून घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिचा मर्म मला या वयात कळला. माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये, अशी गणपतीने अट घातली, तेव्हा अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही अशी उलटी अट व्यासांनी घातली. ज्या ज्या वेळी त्यांना पुढची रचना करायला अवधी हवा असे, त्या त्या वेळी ते एखादा कूटश्लोक सांगत आणि गणपती त्याचा अर्थ लावेपर्यंत त्यांना सवड मिळत असे. सांगणाऱ्याला थांबायला जागा लागते, हे ज्याने कोणी ही कथा रचली त्याला पुरते ठाऊक होते. फोनने गणपतीची अट तेवढी घेतली आहे, व्यासांची अट त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

माणसाला दिलेले डिक्टेशन याहून फार निराळे असते. माझ्या नोकरीत मी अनेक अधिकाऱ्यांचे डिक्टेशन घेतले. त्यांतले एक साहेब खिडकीशी जाऊन उभे राहत, बाहेर बघत राहत, आणि एक मिनिट, कधी दोन मिनिटे काहीही बोलत नसत. माझी पेन्सिल कागदाच्या वर अधांतरी असे. मग ते एक पूर्ण वाक्य सांगत, ज्यात पुढे फिरवावा असा एकही शब्द नसे. काही महिन्यांत मला त्यांची शांतता वाचता येऊ लागली. स्वल्पविरामाची शांतता आणि परिच्छेद संपल्याची शांतता यांत फरक असतो, आणि तो कानाला कळतो. दुसरे एक अधिकारी अगदी उलट होते. ते बोलता बोलता वाक्य शोधत. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि 'नाही' तर त्याच्याही मागून, त्यामुळे 'अर्जदाराने सादर केलेली कागदपत्रे, संबंधित विभागाचा अभिप्राय आणि यापूर्वीचे आदेश विचारात घेता' इथपर्यंत आम्ही दोघे येत असू, आणि परवानगी द्यायची आहे की नाकारायची आहे हे मला तर ठाऊक नसेच, पण पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसे. मग ते म्हणत, "वाचा बरं, काय म्हटलं मी?" मी वाचून दाखवी. आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की त्यांना त्यातली गफलत लगेच दिसे, आणि ते सबंध वाक्य मोडून नव्याने सांगत. त्या परत वाचून दाखवण्यात अर्धे लेखन होत असे. लेखनिक हा नुसता हात नसतो, तो पहिला वाचकही असतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाल्याचा उल्लेख आहे. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी लिहून ठेवले असे परंपरा सांगते. ही नावे टिकून राहिली याचे मला विशेष वाटते.

लघुलिपीविषयीही सांगायला हवे, कारण ती आता फारशी कोणी शिकत नाही आणि तिने लेखनावर काय परिणाम केला हे तिच्याबरोबरच विसरले जाईल. लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये १९८३ साली मी आधी इंग्रजी शॉर्टहँड शिकले आणि मग मराठी. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली मांडलेली ही पद्धत ध्वनीवर उभी आहे, अक्षरावर नाही. तीच रेघ हलकी काढली तर 'प', दाबून काढली तर 'ब'. वेग वाढला की स्वरांची टिंबे गळतात आणि रेघ ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीला छेदून आहे, यावरून स्वर ओळखायचा. मिनिटाला शंभर शब्दांच्या पुढे गेल्यावर शब्द दिसेनासे होतात, नाद तेवढा उरतो. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार टंकलेखनाला बसल्यावर करायचा.

या लिपीत नेहमीच्या शब्दसमूहांना एकच जोडरेघ असते. हात न उचलता चार शब्द एका फटक्यात होतात. 'उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने', 'आपल्या माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी', 'असे असले तरी' हे बोलणाऱ्यालाही सोपे आणि घेणाऱ्यालाही सोपे. सांगणारा असे शब्दसमूह उच्चारतो तेव्हा खरे तर तो पुढचे वाक्य जुळवत असतो, आणि घेणारी त्या एका रेघेच्या आधारे मागे पडलेले भरून काढत असते. दोघांनाही तेवढीच विश्रांती. आपल्या सरकारी मराठीला लोक बोजड म्हणतात, आणि ती तशी आहेच. पण त्यातल्या किती ठरीव शब्दसमूहांचा जन्म अज्ञानातून झाला आणि किती निव्वळ श्वास घ्यायला सवड हवी म्हणून टिकले, याचा विचार कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. बत्तीस वर्षे ते माझ्या पेन्सिलीखालून गेले आहेत, म्हणून मी एवढे ठामपणे म्हणते.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले, आणि हात न उचलता वेगाने लिहिण्याची ही गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे ते उमगले. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरे लटकवत जातो, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पेशवे दफ्तरातले कागद असेच लिहिलेले आहेत, कारण कारभाराला वेग हवा होता. पोथी मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहायची, एकेक अक्षर सुटे आणि घोटीव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत यावे, सगळे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, असे समर्थ त्यात सांगतात. धावायची लिपी वेगळी आणि थांबायची वेगळी, ही सोय आपल्या पूर्वजांनी जाणीवपूर्वक ठेवली होती.

बाळबोध हाताने लिहिताना शब्दाची अक्षरे आधी काढायची आणि मग वरून रेघ द्यायची, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. ती रेघ ओढायला क्षणभरच लागतो, पण त्या क्षणी मन पुढच्या शब्दाकडे जाते, तो योग्य आहे का ते बघते, आणि मग हात उतरतो. पानभर मजकुरात असे दोनअडीचशे क्षण येतात. संगणकावर शिरोरेषा अक्षराबरोबर आपोआप उमटते. तो क्षण उरत नाही. हाताने लिहिणाऱ्याचे वाक्य अधिक जुळलेले का असते, याचे थोडे तरी उत्तर त्या रेघेत आहे, अशी माझी समजूत आहे.

टंकलेखन यंत्राविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्याच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या आहेत. कार्बन लावून चार प्रती काढताना एक चूक चार ठिकाणी खोडावी लागे, त्यामुळे कळ दाबण्याआधी वाक्य डोक्यात पक्के असे. मराठी यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागे, म्हणजे 'कि' लिहायचे तर आधी वेलांटी आणि मग 'क'. हाताला एक पाऊल पुढचे ठाऊक असावे लागे. संगणकाच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी अक्षर आणि मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. हा बदल योग्यच होता, पण माझ्या बोटांना तो पचायला सहा महिने लागले.

संगणकाने थांबणे नाहीसे केले नाही, त्याची जागा बदलली. आधी थांबून मग लिहायचे, त्याऐवजी आधी लिहायचे आणि मग थांबायचे. कोणतेही वाक्य कुठेही हलवता येते, ही फार मोठी देणगी आहे आणि मी तिचा रोज उपयोग करते. पण 'मग' हा पुष्कळदा येतच नाही. आमच्या कार्यालयात शेवटच्या काही वर्षांत मागच्या वर्षीचे पत्र उघडून तारीख आणि नाव बदलण्याची पद्धत पडली होती. एकदा अशाच एका पत्रात एका विधवा बाईंच्या निवृत्तिवेतनाच्या उत्तरात भलत्याच प्रकरणातला परिच्छेद राहून गेला आणि त्या बाई तीन महिने हेलपाटे घालत राहिल्या. ते पत्र कोणी सांगितले नव्हते आणि कोणी लिहिलेही नव्हते. त्यावर माझीही आद्याक्षरे होती, आणि ती गोष्ट मला आजही टोचते.

लोकमान्यांचे उदाहरण मी नेहमी देते. 'केसरी'चे अग्रलेख ते तोंडी सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. ते लेख वाचताना समोर सभा बसली आहे असे वाटते, इतका त्यांत बोलण्याचा झोक आहे. 'गीतारहस्य' मात्र त्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात स्वतःच्या हाताने, शिसपेन्सिलीने लिहिले. तिथे लेखनिक मिळणार नव्हता, तेव्हा ही निवड नव्हे, सक्ती होती, हे मान्य आहे. तरीही पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निष्कर्ष एकाच लांब वाक्यात तोलून धरणारी ती रचना हातानेच घडू शकली असती, असे मला वाटते. माणूस तोच, भाषा तीच, आणि गद्य दोन जातींचे.

यावरून मी तोंडी लेखनाच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी चौथीपर्यंत शिकल्या आहेत. माझे प्लास्टर असताना त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि गावाकडच्या जमिनीतल्या आपल्या हिश्श्याबद्दल भावाला पत्र सांगितले. त्या कुठेही अडखळल्या नाहीत. वडील गेले ते साल, बांध कुठून कुठवर आहे, विहिरीत कोणाचा किती वाटा, सगळे क्रमाने आले. 'दादा, मला भांडायचं नाही, पण माझ्या मुलांना मामाचं घर राहिलं पाहिजे' या वाक्याने त्यांनी पत्र संपवले. मी त्यात फक्त पूर्णविराम घातले. मावशी जन्मभर जिभेवर विचार करत आल्या आहेत, बोलण्याआधी वाक्य मनात घोळवण्याची सवय त्यांना आहे, म्हणून माइकने त्यांना घाई केली नाही. माझा विचार मात्र पेन्सिलीच्या टोकाशी होतो. पुढच्या पिढीतल्या किती मुलांना आपला विचार कुठे होतो हे शोधायची संधी मिळणार आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. शाळेतून हाताने निबंध लिहून घेणे कमी होत गेले, तर हा एक मार्ग त्यांना माहीत होण्याआधीच बंद होईल.

प्लास्टर निघाल्यावर बोटे आखडली होती. फिजिओथेरपीच्या व्यायामाबरोबर रोज एक ओळ लिहायची असे मी ठरवले आणि अप्पा बळवंत चौकातून लहान मुलांची दुरेघी वही आणवली. तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीला पत्र लिहायला घेतले. सात ओळींना पाऊण तास लागला. शिरोरेषा थरथरत होती आणि तिसऱ्या ओळीत एक शब्द खोडावा लागला. पुन्हा स्वच्छ उतरवून काढण्याचे त्राण हातात नव्हते, म्हणून पत्र तसेच पोस्टात टाकले.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. सुरुवातीला ती काहीच बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. मग तिने विचारले, "अगं, तिसऱ्या ओळीत काय खोडलंस?" मी तिला सांगितले, आणि त्यानंतर आम्ही बराच वेळ त्यांच्याविषयी बोलत राहिलो.