कापसाचं बाळ आणि आमच्या दोघी मॅडम

मागच्या आठवड्यात आमच्या मोठ्या मॅडम गेल्या. धाकट्या मॅडमना जाऊन दोन वर्षं झाली. दोघींची नावं मुद्दाम लिहीत नाही. आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, मुलींना ती सांगावी लागत नाहीत. बाकीच्यांसाठी एवढंच, की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पत्र्याच्या डेमो रूममध्ये या दोघींनी आम्हाला सिम्युलेशन शिकवलं, म्हणजे खऱ्या पेशंटच्या आधी खोट्या पेशंटवर सराव. तेव्हा सिम्युलेशन हा शब्द आमच्यापैकी एकीनंही ऐकलेला नव्हता. मॅडम म्हणायच्या, "आधी खोटं खोटं, मग खरं."

त्या खोट्या खोट्यातलं पहिलं म्हणजे कापसाचं बाळ. मोठ्या मॅडमच्या आईचं जुनं लुगडं, आत घरच्या शेतातला कापूस आणि पोटात ज्वारीची पुरचुंडी. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बरोबर अडीच किलो केलेलं. डोक्यात रेतीची छोटी पिशवी शिवलेली होती, त्यामुळे मानेखालचा हात जरा सुटला की डोकं मागं लवंडायचं. मॅडम फक्त "मान!" म्हणायच्या. बाकी काही नाही. छातीत रबरी हातमोजा बसवलेला. हातानं दाबून श्वास द्यायच्या पिशवीचा, अम्बू बॅगचा, मास्क तोंडावर नीट बसला, खांद्याखाली कपड्याची घडी बरोबर ठेवली, तरच छाती वर यायची. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. "दाब, दोन, तीन... दाब, दोन, तीन." हॉस्टेलमध्ये भाजी चिरतानासुद्धा आमच्या तोंडी तेच असायचं.

नोकरी लागल्यावर किती तरी वर्षांनी वाचलं, की 1911 साली अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयातल्या नर्सिंग स्कूलसाठी माणसाएवढी बाहुली बनवून घेतली होती. मिसेस चेस म्हणायचे तिला. बनवणारी मार्था चेस ही मुळात मुलांच्या कापडी बाहुल्या करणारी बाई, आणि तिला ते काम सांगितलं नर्सिंग स्कूलच्या मुख्य बाईंनी, लॉडर सदरलँड यांनी. वाचून डोळे भरून आले. आमच्या मॅडमना हे ठाऊक होतं की नाही, विचारायचं राहून गेलं. पण शिकवणाऱ्या बाईची तळमळ तिथंही तीच, इथंही तीच. पहिली चूक माणसाच्या अंगावर होऊ नये.

माझी पहिली चूक माणसाच्या अंगावर झाली होती. या दोघी आमच्याकडे यायच्या आधी, पहिल्या वर्षाच्या सुरुवातीलाच, डेमो न दाखवता आम्हाला वॉर्डात उभं केलं होतं. एका म्हाताऱ्या बाबांच्या हाताला मी तीन वेळा सुई टोचली. ते काही बोलले नाहीत. चौथ्या वेळी स्टाफ सिस्टरनं सुई माझ्या हातातून घेतली. ते बाबा अजून आठवतात.

धाकट्या मॅडमची पद्धत वेगळी. त्या स्वतःच पेशंट व्हायच्या. मॅकिंटॉश, म्हणजे रबरी चादर, टाकलेल्या टेबलावर आडव्या होऊन कण्हायच्या, "बाई व, मले कसंतरीच होऊन रायलं, डोयापुढं अंधारी येऊन रायली." आणि मुलगी नुसती बीपीच्या पट्ट्याशी झटत बसली, पेशंटशी एक शब्द बोलली नाही, तर त्यांचं कण्हणं वाढायचं. मग उठून सगळ्यांना गोल बसवायच्या. चूक कुठं झाली हे त्या कधीच आधी सांगायच्या नाहीत. विचारायच्या, "तुला तेव्हा काय दिसलं? हात आधी तिकडंच का गेला?" आज त्याला डिब्रीफिंग म्हणतात. माझ्या मते अर्धं शिक्षण त्या गोल बसण्यात होतं.

एक दिवस त्यांनी साबुदाण्याच्या पेजेत खायचा लाल रंग कालवला, मापून अर्धा लिटर, आणि पांढऱ्या चादरीवर ओतला. "बघा. बाळंतिणीचं एवढं रक्त गेलं की पीपीएच, बाळंतपणानंतरचा जास्तीचा रक्तस्राव. चादर, पॅड, खाली ओघळलेलं, सगळं धरायचं. डोळा नेहमी कमीच सांगतो." आम्ही बराच वेळ त्या चादरीकडे बघत उभ्या होतो.

आठ वर्षांनी मी एका पीएचसीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, रात्रपाळीला होते. बाळ रडलं, गर्भाशय आवळायचं ऑक्सिटोसिन दिलं, वार पडली, सगळं व्यवस्थित. मदतनीस मावशी म्हणाली, "होते एवढं." मी चादर पाहिली आणि मला मॅडमची चादर दिसली. गर्भाशय चोळायला लागले, डॉक्टरांना क्वार्टरवरून बोलावलं, सलाईन लावली, 108 ला फोन झाला. ती बाई वाचली. तिची मुलगी आता शाळेत जाते.

म्हणून आज एक गोष्ट कळकळीनं लिहिते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात सिम्युलेशन आलंय, कॉलेजांमध्ये महागड्या डमी आल्यात. फार चांगलं झालं. पण मी स्वतः असं कॉलेज पाहिलंय, जिथं डमीवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. खोलीला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या कपाटात, इन्स्पेक्शनच्या दिवशी दार उघडतं. "मुलींनी मोडली तर?" मोडू द्या ना. ती मोडण्यासाठीच आणली आहे.

दुसरं टोकही बघते. काही जण म्हणतात, अमेरिकेतल्या 2014 च्या अभ्यासानं दाखवलंय की निम्मे क्लिनिकल तास सिम्युलेशननं भागतात, मग वॉर्डात पाठवायचंच कशाला. तो अभ्यास मी वाचलाय. दहा नर्सिंग स्कूलमधला आहे, आणि शिकवणारे खास तयार केलेले होते, प्रत्येक वेळी नीट डिब्रीफिंग होत होतं. ते सोडून नुसता निम्म्याचा आकडा उचलायचा, हे मुलींवरही अन्याय आणि पेशंटवरही. डमीचं काम वॉर्डात जाणारे हात तयार करणं आहे.

आणि "खेड्यातल्या मुलींना हे जमणार नाही" असं कुणी म्हणालं की मी गडचिरोलीकडे बोट दाखवते. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायलासुद्धा. 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं, 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जमतं. शिकवणारं माणूस पाहिजे, आणि त्या माणसाला वेळ पाहिजे. आज ट्यूटरचा निम्मा दिवस रजिस्टरं भरण्यात जातो. तो तिला परत द्या. डमी नसेल तर लुगडं आहे, कापूस तर आपल्याकडे आहेच.

आमच्या पीएचसीत दर बुधवारी ओपीडी उरकली की दहा मिनिटं आम्ही लेबर रूममध्ये खोटं खोटं करतो. नव्या सिस्टर, आशाताई, मावशी, सगळ्या. परवा मावशीनंच नव्या मुलीला टोकलं, "मान!"

बॅचच्या मैत्रिणींनो, रविवारी अकरा वाजता मोठ्या मॅडमच्या घरी सगळ्या जमतोय. कापसाचं बाळ त्यांच्या सुनेनं जपून ठेवलंय, शिवण उसवली आहे एवढंच. मी सुईदोरा आणते. कुणाकडे डेमो रूमचा जुना फोटो असेल तर घेऊन या.