आधी शिक्षक द्या, मग पट मोजा

दरवर्षी सप्टेंबर आला की तेच. पट मोजा, आधार जुळवा, पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या संचमान्यतेची धास्ती घ्या. आमच्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची सगळी पोरं एका खोलीत आणि शिकवायला गुरुजी एकटे. तेही शिकवायला वेळ मिळाला तर! पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरायला ते रेंज शोधत बांधावर उभे, तेवढ्यात केंद्रशाळेतून फोन, अमुक तक्ता आजच्या आज पाठवा. तोवर पहिलीतली पोरं पाटीवर तोच एक ‘ग’ गिरवत बसलेली.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. प्राथमिकला ६० पर्यंत पट असला तर दोन शिक्षक, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मग आमचे दुसरे गुरुजी कुठायत? विचारलं की उत्तर ठरलेलं, भरती झाली की बघू. शाळेच्या वर्षाच्या खर्चासाठी मिळणारं संयुक्त शाळा अनुदानही पटावरच. ३० च्या आत पट म्हणजे वर्षाला १०,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती सगळं बसवा. पोरं कमी म्हणून पत्रा कमी गळतो का हो?

शिक्षक नाही म्हणून आईबाप पोरांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. त्यानं पट घटतो. पट घटला की शिक्षक मिळत नाही. आणि वर आम्हालाच ऐकवतात, पालकांनाच ही शाळा नकोय! अहो, कुणी सांगितलं? ज्यांना गाडीभाडं परवडत नाही त्या मजुरांच्या पोरांनी कुठं जायचं? एकदा दुसरा शिक्षक देऊन बघा, दोन वर्षं त्याला हलवू नका, मग खुशाल या पट मोजायला.