एका दिवसाची क्यूबेक सिटी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून गाडीने एका दिवसात क्यूबेक सिटी पाहून येण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पाच-सहा तास रस्त्यात घालवून उरलेल्या वेळात १६०८ साली वसलेले शहर पाहता येत नाही, हा पहिला. तिथला बालेकिल्ला, तट आणि शातो फ्रॉन्तनाक हे हॉटेल इंग्रजी अमलातले असल्याने शहराचे फ्रेंचपण केवळ पर्यटकांसाठी मांडलेले आहे, हा दुसरा.

पहिल्याविषयी फार लिहीत नाही. अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे, आणि तटाच्या आतले जुने शहर व कड्याखालची वस्ती पायी हिंडण्याएवढीच आहे. सकाळी लवकर पोहोचून गाडी वाहनतळावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावला नाही, तर दिवस पुरतो.

दुसरा आक्षेप मात्र मोलाचा आहे. बालेकिल्ला इंग्रजांनी १८२० नंतर बांधला आणि शातो हे रेल्वे कंपनीने १८९३ साली उघडलेले हॉटेल आहे, हे खरे आहे. प्लास रोयाल चौकातली बरीच घरे १९७० च्या दशकात फ्रेंच काळाच्या धाटणीने नव्याने उभारली, हेही आपल्या बाजूने जोडता येईल. तटाचे मात्र तसे नाही. त्याची पश्चिमेची भिंत १७४५ मध्ये फ्रेंचांनीच बांधायला घेतली आणि इंग्रजांनी ती पुढे बळकट केली. पण दगड कोणी रचले यावरून शहराचे फ्रेंचपण ठरवावे, हेच मला मान्य नाही.

१३ सप्टेंबर १७५९ रोजी अब्राहमच्या पठारावर फ्रेंच सैन्य हरले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलुख इंग्रजांकडे गेला. पण वसाहतीत फ्रेंच बोलणारे कॅथलिक लोक बहुसंख्य होते, इंग्रज मूठभर होते आणि दक्षिणेकडच्या, पुढे अमेरिका झालेल्या इंग्रज वसाहतींत असंतोष वाढत होता. म्हणून १७७४ च्या क्यूबेक कायद्याने कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि दिवाणी व्यवहारांत फ्रेंच कायदा कायम राहिला. त्या कायद्याच्या आधाराने, चर्चच्या शाळांतून आणि घराघरांतून भाषा टिकली, आणि १९७७ च्या भाषाविषयक कायद्याने तिला कामाच्या ठिकाणी व दुकानांच्या पाट्यांवरही हक्काची जागा दिली. रस्त्यावर ऐकू येणारी फ्रेंच ही तिथल्या माणसांची रोजची भाषा आहे. ती पर्यटक निघून गेल्यावरही तशीच चालू असते.

शातोशेजारच्या बागेतला स्तंभ लेखात ओझरता आला होता, त्याविषयी इथे अधिक सांगावेसे वाटते. जिंकलेला इंग्रज वुल्फ आणि हरलेला फ्रेंच माँकाल्म हे दोन्ही सेनापती १७५९ च्या त्या लढाईत झालेल्या जखमांनी मरण पावले, आणि दोघांचे मिळून हे एकच स्मारक तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड डलहौसी यांच्या पुढाकाराने १८२८ मध्ये उभे राहिले. याच डलहौसींच्या मुलाने वीस वर्षांनी आपले सातारा संस्थान खालसा केले. एकाच घराण्यातल्या वडिलांनी हरलेल्यांच्या सेनापतीचा असा मान राखला आणि मुलाने छत्रपतींच्या दत्तकालाही मान्यता दिली नाही, हे आठवल्यावर मराठी माणसाला त्या बागेतून लवकर पाय काढता येत नाही.

शहराजवळचा मोंमोरान्सीचा ८३ मीटर उंचीचा धबधबा मी वगळल्याबद्दलही आपण नाराजी दाखवली आहे. त्याच दिवशी तिथे जायचे ठरवले, तर कड्याखालच्या वस्तीचा वेळ कापला जातो, आणि नायगारापेक्षा उंच असला तरी त्या धबधब्यासाठी तो वेळ देऊ नये असे माझे मत आहे. हिवाळ्यात बर्फाने रस्ते निसरडे होतात आणि अंधारही लवकर पडतो. त्या दिवसांत जाणार असाल तर मुक्कामच करावा आणि धबधबा दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावा.