घरटं झाका, किनारा नको

पावसाळा लागला की कर्नाळा-पनवेल पट्ट्यात तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बिळं कोरतो आणि इथे फेसबुकवर चोचीत पाल धरलेल्या खंड्यांची रांग लागते. खाली पहिली कॉमेंट ठरलेली: "लोकेशन प्लीज."

यावर "काहीच सांगू नका" आणि "विज्ञानासाठी सगळं खुलं ठेवा" असे दोन तट पडतात. मला दोन्ही पटत नाहीत. काय झाकायचं हे जीव, जागा आणि हंगाम बघून ठरवावं, आणि त्यासाठी आयनॅचरलिस्टवरचं (जीवांचे फोटो जागेसकट नोंदवायची साइट) जिओप्रायव्हसीचं, म्हणजे जागा इतरांना किती दिसावी याचं, सेटिंग एकदा नीट समजून घ्यावं.

ओपन म्हणजे नेमका ठिपका. प्रायव्हेट म्हणजे नकाशावर काहीच नाही. मधला ऑब्स्क्युअर्ड सगळ्यात कामाचा. त्यात ०.२ अंशाचा एक चौकोन धरला जातो, आपल्या अक्षांशावर साधारण २२ बाय २१ किमीचा, आणि ठिपका त्यात कुठेही पडतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौ. किमीच्या आसपास आहे. हा चौकोन ४५० च्या वर जातो. इतरांना तारीखही फक्त महिना-वर्ष एवढीच दिसते. शंभर नोंदींच्या ठिपक्यांची सरासरी काढली तरी हाती चौकोनाचा मध्य येतो, घरटं नाही.

बरेच जण समजतात की दुर्मिळ प्राणी आपोआप झाकले जातात. जातात, पण ते मुख्यतः आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्याच्या वर्गांवरून. तिबोटी खंड्या आणि गव्हाणी घुबड जागतिक यादीत 'चिंता नाही' या वर्गात आहेत. घुबडांवर काळ्या जादूवाल्यांची नजर असते आणि खंड्याच्या बिळासमोर कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते, हे त्या यादीला कळत नाही. घरटं, बीळ, ढोली, रोजची बसायची फांदी दिसली की ऑब्स्क्युअर्ड आपल्या हातानेच करायचं. अपलोडच्या वेळीच. आधी ओपन ठेवून नंतर बदललं, तर मधल्या काळात कोणी डाउनलोड केलेली प्रत परत येत नाही.

आता गळती. ठिपका झाकला, पण वर्णनात "गेटपासून दुसरा पाडा, विहिरीमागे" लिहिलं, तर झाकून उपयोग काय? ते वर्णन जसंच्या तसं सगळ्यांना दिसतं. मागे ओळखू येणारा टॉवर असेल तर फोटो क्रॉप करा. घुबडाच्या नोंदीला लागून त्याच फेरीतला भारद्वाज ओपन टाकला, तर यादीतला शेजार बघूनच जागा कळते. संवेदनशील नोंद काही दिवसांनी वेगळी चढवा. सोबतच्या मित्राने तोच पक्षी ओपन टाकला नाही ना, हेही विचारा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या फोटोतून जीपीएस निघून जातो, पण "डॉक्युमेंट म्हणून पाठव, क्वालिटी जाते" म्हणून पाठवलेल्या फाईलमध्ये तो तसाच राहतो.

दुसरा धोका आपल्याला स्वतःला. बाल्कनीत दिवा लावून पतंगांचे फोटो काढणाऱ्यांच्या नोंदी बघा: एकाच इमारतीवर ठिपक्यांचा गठ्ठा, प्रोफाइलवर खरं नाव, चेहरा आणि सोसायटीचा उल्लेख. दर रविवारी सकाळी सातला एकट्या कुठे असता, हेही त्यातून वाचता येतं. बायकांनी तर हे नक्की तपासावं. इथे ऑब्स्क्युअर्डपेक्षा मला दुसरा उपाय आवडतो. पिन जवळच्या चौकात सरकवा आणि अचूकतेचं वर्तुळ (खरी जागा याच्या आत कुठेतरी आहे असं सांगणारं) ८०० मीटर ते १ किमी करा, म्हणजे घर वर्तुळाच्या आत राहील. नोंद खोटी होत नाही आणि वॉर्डाच्या पातळीवर कामाला येते. जुन्या नोंदी वेबसाइटवर बॅच एडिटमधून एकदम बदलता येतात. प्रोफाइलवर परिसराऐवजी नुसतं 'मुंबई' पुरे. टोपणनाव चालतं, फोटो सुरवंटाचा लावा.

पण म्हणून सगळंच झाकत सुटू नका. चौकोन उद्यानाहून मोठा असल्याने उद्यानाच्या हद्दीपुरती यादी काढली की ऑब्स्क्युअर्ड नोंदी बहुधा तिच्यातून गळतात. आणि या शहरात जागाच नाहीशी होते. कोस्टल रोडच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ हलवावे लागले. अशा वेळी "इथे अमुक जीव आहे" हे नेमक्या ठिपक्यासकट दाखवता येणं हाच पुरावा असतो. भरतीरेषेतले शंख, खेकडे, समुद्रफुलं, आरेतली झाडं, कोळी, फुलपाखरं बिनधास्त ओपन ठेवा. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो लपवून तर काय मिळणार? ते पुलावरून जाणाऱ्या बसलाही दिसतात.

अभ्यासकाला नेमकी जागा हवी असेल तर साइटवर त्या एका व्यक्तीला झाकलेले अक्षांश-रेखांश बघायची परवानगी देता येते. ती परवानगी तुमच्या सगळ्या झाकलेल्या नोंदींना लागू होते, म्हणून नीट ओळख असल्याशिवाय देऊ नका.

ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर जून ते सप्टेंबर घरट्याचे फोटो सरळ नाकारा. ते जमत नसेल तर निदान "लोकेशन प्लीज"ला आलेली उत्तरं लगेच डिलीट करा.