कंडेन्सर आणि कंट्रोल के

पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने माझी अक्कल काढली, त्याला आज चार दिवस झाले. पंखा अजून किरकिरतोय. मीही.

सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ मी एडिट करतो, असं मी भर पंगतीत बोलून बसलो होतो. (हजार चंद्रांचं म्हणाल तर २९.५३ दिवसांनी एक पौर्णिमा, या हिशेबाने १००० पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर सुमारे १० महिने लागतात. आमच्याकडे हॉल मिळाला त्या दिवशी चंद्र पुरे झाले.) तर मी कॉम्प्युटरपुढे, आणि बरोब्बर माझ्या डोक्यावर, स्टुलावर उभा वायरमन. त्याला पंखा दिसत होता आणि माझा स्क्रीनही.

दहा मिनिटं तो गप्प होता. मी माझ्या पद्धतीने काम करत होतो. म्हणजे माऊसने ब्लेडचं चित्र शोधायचं, कापायचं, परत बाणाचं चित्र शोधायचं, नको तो तुकडा निवडायचा, डिलीट मारायचं आणि पडलेलं भगदाड बुजवायला पुढचं सगळं ओढत आणायचं.

“साहेब,” वरून आवाज आला, “माझा कंडेन्सर निघाला. तुमचा एक कट अजून व्हायचाय.”

मी हसलो. हसायला नको होतं. त्याने ती परवानगी समजली.

लग्नसराईत तो एका शूटिंगवाल्याकडे जातो म्हणे. पंखे उन्हाळ्यात, लग्नंही उन्हाळ्यात, त्यामुळे दिवसा वायर आणि रात्री एडिटिंग. “हे प्रीमिअर सॉफ्टवेअर आहे ना? मग कंट्रोल के मारा. व्हिडिओच्या पट्टीवर रेघ उभी आहे तिथेच कट.” मारला. झाला. “आता रेघ थोडी पुढे घ्या आणि क्यू मारा.” मारला. मागच्या कटापासून रेघेपर्यंतचं सगळं गेलं आणि भगदाडही आपोआप बुजलं. “डब्ल्यू मारला की रेघेपासून पुढच्या कटापर्यंतचं जातं. भाषणं अशीच उडवायची. नवरीच्या मामाला मी तीन सेकंदांत संपवतो.”

हे तो हातात पंख्याचं पातं धरून सांगत होता. मला खालून तो साक्षात परशुराम दिसत होता.

माझा राग त्याच्यावर कमी आणि कीबोर्डवरच्या या चोरवाटांवर, शॉर्टकटांवर, जास्त आहे. कट म्हटल्यावर माणसाचं बोट सी कडे जाणार की नाही? तर नुसता सी म्हणजे हातात ब्लेड येणार, कंट्रोल सी म्हणजे कॉपी, आणि खरा कट कंट्रोल के. दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तोच कट कंट्रोल बी, ज्याने वर्डमध्ये अक्षर ठळक होतं. एस्केपच्या खालचं ते नागमोडी चिन्हाचं बटण, ज्याचा माझ्या आयुष्याशी आजवर काडीचा संबंध नव्हता, ते दाबलं की माऊस ज्या चौकटीवर असेल ती स्क्रीनभर पसरते. मागच्या आठवड्यात ते चुकून दाबलं गेलं होतं. व्हिडिओची पट्टी, म्हणजे टाइमलाइन, उडाली असं समजून मी अर्धा तास देव पाण्यात घालून बसलो होतो. परत तेच बटण दाबायचं असतं, हे मला कोण सांगणार? स्टुलावर चढलेला माणूस सांगणार.

“जे, के, एल माहितीये ना?” त्याने विचारलं. माहीत होतं. एवढं एकच माहीत होतं. जे मागे, के थांबा, एल पुढे, आणि एल दोनदा दाबला की सगळे नातेवाईक दुप्पट वेगाने औक्षण करतात. आता याला दाखवतोच, म्हणून मी ऐटीत तिन्हीवर बोटं नाचवली. काहीच हललं नाही. आणखी जोरात नाचवली.

“साहेब, आजोबांच्या सोहळ्यापुढे ‘रकत’ कशाला लिहिताय?”

घोटाळा असा, की जरा आधी मी शीर्षक टाइप केलं होतं. ऑफिसच्या सवयीने मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर लिहितो, आणि त्यात जे म्हणजे र, के म्हणजे क, एल म्हणजे त. कर्सर शीर्षकातच होता. ऐंशी दिव्यांच्या उजेडात बसलेल्या अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, छातीवर सोनेरी अक्षरांत झळकत होतं: सहस्रचंद्रदर्शन सोहळा रकतरकतरकत.

“आधी एस्केप, मग व्ही. आणि विंडोज-स्पेस मारून इंग्रजी करा,” असं सांगून तो उतरला. “रेग्युलेटरपण गेलाय. मेन पाडतो.”

‘पाडतो’ हा शब्द माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मेन पडला होता. यूपीएसच्या बॅटरीने गेल्या दिवाळीतच राम म्हटलाय. काळ्या स्क्रीनमध्ये मला माझाच चेहरा दिसला.

“सेव्ह केलं होतं ना?” डॉक्टर ‘गोळ्या वेळेवर घेता ना’ विचारतात त्या सुरात.

मी काही बोललो नाही. आतून बायको म्हणाली, “ते कुठलं करतात!” आणि त्याच्यासाठी पाहुण्यांच्या कपात चहा आला, बशीसकट. माझ्या घरी, माझी दुपार वाया घालवलेल्या माणसाला. मला स्टीलचा पेला.

वीज आल्यावर त्यानेच दाखवलं, की प्रोजेक्टच्या शेजारी ऑटो-सेव्हचं एक फोल्डर असतं, त्यात जुन्या प्रती पडलेल्या असतात. सगळ्यात ताजी उघडली. त्या यंत्राने सबंध दुपारीतून नेमका कोणता क्षण जपून ठेवावा? रकतरकतरकत.

“पंख्याचे ३५० द्या,” तो चपला घालत म्हणाला. “एडिटिंगचं सांगितलं त्याचे काही नको.”

पंखा रात्रीच पुन्हा किरकिरायला लागला. “अहो, बोलवा ना त्यांना,” असं रोज ऐकतोय. बोलावणार आहे. आधी हा व्हिडिओ एक्सपोर्ट होऊ दे, म्हणजे तो स्टुलावर चढेल तेव्हा स्क्रीन बंद असेल.